दुसऱ्याच्या खांद्याला ताण देताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या हातानं दुसऱ्याच्या खांद्याला, छातीला, मानेला ताण देणं, ज्याला जिममध्ये असिस्टेड स्ट्रेचिंग म्हणतात, त्याबद्दल आज मला बोलायचं आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही जा, आता कोपऱ्याकोपऱ्यावर जिम दिसते. तिथले ट्रेनर मेहनती आहेत, शिकायला उत्सुक आहेत. पण समोरच्याला ताण देताना त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनात एकच हिशेब असतो, की जेवढं खेचू तेवढं अंग मोकळं होईल. घरोघरी नवरा-बायको, मुलगा-आई एकमेकांचे खांदे दाबून देतात, तिथेही हाच समज. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगले खांदे बिघडतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे नारळ पाडणारे पाडेली येतात, रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार येतात, दिवसभर मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे पायलट येतात, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या मुली येतात, संगणकापुढे बसणारे तर येतातच. कामं निरनिराळी, पण आखडण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. छातीचे स्नायू आखडतात, काखेखालून पाठीवर पसरलेला रुंद स्नायू आखडतो, नाहीतर मान आणि खांदा यांच्यामधली ती दोरी, जिथे हात लावला की माणूस ‘तिथेच, तिथेच’ म्हणतो.

हात सरळ वर कानापाशी गेला तर ती हालचाल साधारण १८० अंशांची होते. त्यातले अंदाजे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून मिळतात आणि ६० अंश पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सरकल्यामुळे. वरची पाठ सरळ होते तेव्हा शेवटचा थोडा वाव मिळतो. म्हणजे फरा जागचा हलत नसेल आणि पाठीला बाक आला असेल, तर हात धरून वर खेचण्यात काही अर्थ नाही. सगळा भार एकट्या सांध्यावर पडतो. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून तर हात इतका चौफेर फिरतो. पण त्याच कारणानं हा सांधा निखळतोही लवकर.

तेव्हा ताण देण्याआधी बघावं. माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करा, टाचा वीतभर पुढे घ्यायला सांगा, गुडघे किंचित वाकवलेले, कंबर भिंतीला टेकलेली. आता दोन्ही हात सरळ ठेवून, अंगठे मागे भिंतीच्या दिशेला, सावकाश वर न्यायला सांगा. ज्या क्षणी कंबर भिंतीपासून सुटते आणि बरगड्या पुढे येतात, त्या क्षणी खांद्याची हालचाल संपली. त्यापुढे हात वर जातो आहे असं दिसतं, पण ती पाठ वाकते आहे. बरेच जण इथेच फसतात.

आता मुख्य पद्धतीकडे येते. १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट नावाचे डॉक्टर आणि मार्गारेट नॉट या फिजिओथेरपिस्ट यांनी पोलिओसारख्या आजारांनी दुबळ्या झालेल्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती उभी केली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव सोडून देऊ, जगभर तिला पीएनएफ म्हणतात. त्यातलाच एक भाग आज खेळाडूंपासून सगळ्यांसाठी वापरला जातो: आधी स्नायू आवळायचा, मग सैल सोडायचा, आणि सैल सुटलेल्या वेळात ताण द्यायचा.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. डिचोलीकडच्या एक शिवणकाम करणाऱ्या मावशी माझ्याकडे येत. मशीनवर वाकून वाकून खांदे पुढे आलेले, आणि अबोलीचा वळेसर माळायला उजवा हात डोक्यामागे जाईना. त्यांची तपासणी झाली, सांधा ठीक होता, आखडली होती ती छाती. मी त्यांना खाटेच्या उजव्या कडेला उताणं झोपवलं, गुडघे वाकवून पावलं टेकवायला सांगितली, म्हणजे कंबर उचलली जात नाही. उजवा हात बाजूला, दंड खांद्याच्या रेषेत, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. माझा एक हात त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली, त्यांना विचारून ठेवलेला. दुसऱ्या हातानं दंड कोपराच्या जरा वर धरला. मनगट धरलं नाही, कारण मनगट धरून जोर लावला की तो आधी कोपरावर आणि खांद्याच्या पुढच्या भागावर जातो.

दंड हळूहळू खाली सोडला. ‘मावशी, कुठं जाणवतं?’

‘छातीत ओढ बसते गं बाय. दुखत नाही.’

तिथे थांबले. मग म्हटलं, ‘आता माझ्या हाताला वर ढकला, पण पाव जोर लावा. श्वास रोखू नका.’ त्यांनी ढकललं, मी हात हलू दिला नाही. पाच-सहा सेकंद. ‘सोडा. श्वास बाहेर टाका.’ त्या श्वास सोडत असताना दंड आपोआप दोन बोटं खाली आला. मी दाबला नव्हता, फक्त सोबत गेले. तिथे वीस-एक सेकंद धरून ठेवला, मग पुन्हा तेच. असं तीनदा.

हे असं का होतं? पूर्वीचं स्पष्टीकरण असं होतं, की स्नायू आवळला की त्याच्या टोकाशी असलेल्या संवेदक तंतूंकडून मज्जारज्जूला निरोप जातो आणि स्नायू ढिला पडतो. आज संशोधकांचा कल वेगळ्या उत्तराकडे आहे. एका बैठकीत स्नायूची लांबी फारशी वाढत नाही, वाढते ती ताण सोसण्याची तयारी. इतकं ताणलं तरी धोका नाही, हे मेंदूला पटतं, आणि तो वाट मोकळी करतो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली तो कधी खेचणार नाही. झटका बसला की स्नायू स्वतःला वाचवायला उलट आवळतो, ही शरीराची उपजत क्रिया आहे. तुम्ही जोर लावता, तो स्नायू तुमच्याविरुद्ध जोर लावतो, आणि फाटायचं ते मधल्यामध्ये फाटतं.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या सूचना वापरायला सोप्या आहेत. एका ठिकाणी ताण धरायचा १० ते ३० सेकंद, वयस्कर माणसाला ३० ते ६० सेकंद. आवळून सोडण्याच्या पद्धतीत आवळायचं ३ ते ६ सेकंद, आणि तेही हलक्या ते मध्यम जोरानं. आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस, रोज केलं तर उत्तम. आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करावं, चालून, हात फिरवून, नाहीतर कढत पाण्यानं आंघोळ करून. आणि ताण देताना कृपा करून एसी बंद ठेवा. थंडगार खोलीत कुडकुडणारा माणूस अंग सैल सोडणार कसा?

काखेखालच्या रुंद स्नायूसाठी माणसाला उताणं झोपवून तुम्ही त्याच्या डोक्याशी बसा. त्याचे हात वर घ्या, कोपराच्या जरा वर धरा, आणि बरगड्या उचलल्या जात नाहीत ना याकडे लक्ष ठेवा. तो माणूस दंड खाली कमरेच्या दिशेनं ओढायचा प्रयत्न करील, तुम्ही अडवायचं, मग श्वास सोडताना थोडं पुढे. खांद्याच्या मागच्या बाजूसाठी हात छातीवरून पलीकडे न्यायचा, पण त्याआधी दुसऱ्या हातानं फऱ्याची बाहेरची कडा रोखून धरायची, नाहीतर सगळा फराच हाताबरोबर सरकतो आणि ताण बसतच नाही. वरच्या पाठीसाठी टॉवेलची गुंडाळी फऱ्यांच्या मध्ये आडवी ठेवून, हात डोक्यामागे घेऊन, नुसतं दोन मिनिटं पडून राहणं पुष्कळांना पुरतं. त्यात मदतनिसाचं काम जवळजवळ नाहीच.

मानेबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे.

मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू ताणताना लोक डोकं धरून बाजूला ओढतात. ते करू नका. माणसाला खुर्चीवर बसवा, ज्या बाजूचा स्नायू ताणायचा त्या हातानं खुर्चीची कड धरायला सांगा, कान त्यानं स्वतःहून दुसऱ्या खांद्याकडे न्यावा. तुम्ही तुमचा तळवा ताणायच्या बाजूच्या खांद्यावर ठेवून तो खांदा हलकेच खाली धरा. काम खांद्यावरच्या हातानं होतं. डोक्यावर दुसरा हात ठेवलात तर तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. आवळायचं असेल तर तो माणूस खांदा कानाकडे उचलायचा प्रयत्न करील, तुम्ही अडवाल, बस्स.

आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान एका झटक्यात वळवून कट्‌कन आवाज काढतात, तो प्रकार बंद व्हायला हवा. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या जातात. मान अचानक वळवली तर त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. दरवेळी होतो असं नाही, पण ज्याला होतो त्याचा संसार बसतो. तो आवाज सांधा मोकळा झाल्याचा पुरावा नव्हे. सलूनवाल्याचा मान ठेवून, पण ठामपणे ‘मान नको’ असं सांगा.

जिममध्ये आणखी एक दृश्य नेहमीचं आहे. गिऱ्हाईक खाली बसलेलं, हात डोक्यामागे, आणि ट्रेनर त्याच्या पाठीत गुडघा रोवून दोन्ही कोपरं मागे खेचतो आहे. बघणाऱ्याला भारी वाटतं. पण त्यात कंबर पुढे वाकते, खांद्याच्या हाडाचं डोकं खोबणीत पुढे ढकललं जातं, आणि छातीला ताण मात्र थोडाच बसतो. ज्याचा खांदा पूर्वी निखळला आहे त्याला तर ही स्थिती सरळ धोक्याची आहे. खांदा निखळतो तो बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, आणि हात बाजूला वर करून मागे वळवलेल्या अवस्थेतच. फुटबॉलचे गोलकीपर आणि व्हॉलीबॉल खेळणारे इथे असतील तर त्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल. म्हणून कुणालाही हात लावण्याआधी ‘खांदा कधी निखळला होता का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरा प्रश्न मधुमेहाचा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. याचा खांद्याशी संबंध असा, की मधुमेह असलेल्यांत फ्रोजन शोल्डर इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि बायकांमध्ये अधिक. यात स्नायू नव्हे, तर सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आक्रसतं. ओळखायचं कसं? कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. तो फिरत नसेल, तुम्ही फिरवायला गेलात तरी अडत असेल, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर तुमचे हात मागे घ्या. त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवा. दुखण्याच्या भरात अशा खांद्याला जोर लावला तर तो आणखी चिडतो. सुटायला वेळ लागतो, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त, पण धीरानं बहुतेकांचा सुटतो.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया, नुकताच पेसमेकर बसवलेले, हाडं ठिसूळ झालेली वयस्कर माणसं, आणि ज्यांचे सांधे जन्मतःच फार लवचिक आहेत असे लोक, यांना जाणकारानं तपासल्याशिवाय ताण देऊ नये. शेवटच्या गटाबद्दल गैरसमज फार आहे. ज्याचा हात आधीच हवा तसा वळतो त्याला ताणाची नाही, ताकदीच्या व्यायामाची गरज असते.

ताण देताना बोलत राहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, असं ठरवून आकडा विचारत जा. तीन-चारवर थांबायचं. आकडा सांगताना चेहरा आवळला, श्वास थांबला, तर तोंडानं तो काहीही म्हणो, तुम्ही मागे या. आपल्याकडे ‘दुखतं’ म्हणायला लाजणारी माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः ट्रेनरपुढे. स्नायूत ओढ बसणं ठीक. सांध्यात टोचणं, बोटांत मुंग्या येणं, हात बधिर होणं ठीक नाही. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मज्जातंतू ताणला जातो आहे असं समजा. आणि बाईमाणसाच्या छातीजवळ, काखेजवळ हात ठेवण्याआधी कुठं ठेवणार, कशासाठी ठेवणार, हे सांगून तिचा होकार घ्या. दरवेळी घ्या. ती नको म्हणाली तर टॉवेल किंवा दाराची चौकट वापरून तिला स्वतःचा स्वतः ताण घेता येतो.

एक काम मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. ताण देऊन झाला की माणसाला तसंच उठवून घरी पाठवू नका. जो नवा वाव मिळाला आहे त्यात त्यानं स्वतःच्या बळावर हात फिरवायला हवा. भिंतीला पाठ लावून आठ-दहा वेळा हात वर-खाली, मग रबरी पट्टा किंवा पाण्यानं भरलेली लहान बाटली धरून तेच. मिळालेली हालचाल वापरात आली नाही तर दुसऱ्या दिवशी खांदा होता तिथे परत जातो. डिचोलीच्या त्या मावशींना मी घरी हेच करायला सांगितलं होतं, मशीनवरून उठलं की दर तासाला एकदा. त्यांच्या सुनेला तो दंड कोपराच्या वर कसा धरायचा ते शिकवलं, आणि पुढचं सगळं त्या दोघींनी मिळून केलं.

नमस्कार.