शुक्रवारचे विधेयक

लोकसभेत शुक्रवारी कामकाजाचे शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांसाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी, राखून ठेवलेले असतात. आठवडा सरत आलेला असतो, बाके विरळ झालेली असतात आणि अनेक खासदारांना मतदारसंघाकडे जाणारे विमान गाठायचे असते. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यापर्यंत पोहोचली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे आहे. १ एप्रिल २०२२ हाही शुक्रवारच होता. त्या दिवशी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहास मान्यता द्यावी, असे विधेयक लोकसभेत मांडले.

विशेष विवाह कायदा हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. आपण त्याला ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, तीस दिवस वाट पाहायची आणि मग तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना एक वाक्य म्हणायचे. हे वाक्य कायद्याच्या १२ व्या कलमात दिलेले आहे आणि दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत ते म्हणता येते. मराठीत ते साधारण असे होईल: ‘मी, अमुक, तुला, तमुक हिला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.’ पत्नी या शब्दापुढे कायद्याने कंसात ‘किंवा पती’ एवढेच लिहिले आहे. इंग्रजी वाक्यात तेवढा एक शब्द बदलला की भागते. मराठीत मात्र ‘माझी’चे ‘माझा’ होते आणि ‘स्वीकारतो’चे ‘स्वीकारते’ होते, म्हणजे कोण कोणाला स्वीकारत आहे हे वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू येते. सुळे यांच्या विधेयकाला नेमकी याच कंसात दुरुस्ती हवी होती. पती आणि पत्नी यांच्या जागी जोडीदार हा शब्द यावा, आणि वयाची अट दोघेही पुरुष असल्यास २१, दोघीही स्त्रिया असल्यास १८ अशी असावी, असे त्यात सुचविले होते.

संसदेत समलैंगिकांचा प्रश्न खासगी विधेयकाच्या वाटेने येण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १८ डिसेंबर २०१५ रोजी, तोही शुक्रवारच, शशी थरूर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली होती. खासगी विधेयक मांडण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण मांडल्याने काही बिघडत नाही. येथे मात्र भाजपचे निशिकांत दुबे यांनी हरकत घेतली, मतदान झाले आणि विधेयकावर चर्चा तर दूरच, ते मांडण्याचाच प्रस्ताव ७१ विरुद्ध २४ मतांनी फेटाळला गेला. मार्च २०१६ मध्ये थरूर यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा ५८ विरुद्ध १४. विरोधकांना दोष देणे सोपे आहे, परंतु या आकड्यांत दुसरेही काही दिसते. थरूर यांच्या स्वतःच्या काँग्रेस पक्षाने २०१४ च्या निवडणुकीत ४४ जागा जिंकल्या होत्या. सर्व पक्षांची मिळून पडलेली बाजूची मते २४. म्हणजे त्यांच्या पक्षाच्या बाकांवरचेही पुष्कळ सदस्य त्या दुपारी हात वर करण्यास सभागृहात नव्हते.

जे संसदेने ऐकूनही घेतले नाही, ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केले आणि प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विवाहाचा प्रश्न तेथून पुढे येणारच होता. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी विवाहाच्या मान्यतेसाठीच्या याचिकेवर न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली आणि महिना उलटण्याच्या आत, १९ डिसेंबरला, भाजपचे सुशीलकुमार मोदी राज्यसभेत शून्य प्रहरात उभे राहिले. समलिंगी विवाहाने देशातील व्यक्तिगत कायद्यांचा तोल ढळेल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि इतका मोठा सामाजिक प्रश्न दोन न्यायाधीशांनी बसून ठरवू नये, त्यावर संसदेत व समाजात चर्चा व्हावी, असेही ते म्हणाले. या मागणीत गैर काहीच नव्हते. फक्त, ज्यावर चर्चा व्हावी असे विधेयक त्याच इमारतीतील दुसऱ्या सभागृहात साडेआठ महिन्यांपासून पडून होते.

२०२३ च्या मार्चमध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दाखल करून विरोध नोंदविला. पुढे एप्रिलमध्ये ही मागणी शहरी उच्चभ्रूंच्या मताची निदर्शक असल्याचे सरकारने न्यायालयात लिहून दिले. त्यावर सरकारकडे तसे दाखविणारी आकडेवारी नाही, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावले. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढील सुनावणी १८ एप्रिलपासून दहा दिवस चालली. केंद्राची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांचा सर्वांत भक्कम मुद्दा नैतिकतेचा नव्हता, तर कायद्याच्या विणीचा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. विवाहाची व्याख्या बदलल्यास १६० तरतुदींना धक्का बसेल, असे त्यांनी सांगितले. विशेष विवाह कायद्याचेच पाहिले तरी घटस्फोटाची काही कारणे केवळ पत्नीला उपलब्ध आहेत, पोटगी पतीने पत्नीला द्यावयाची आहे, आणि ज्या नात्यांत विवाह वर्ज्य आहे त्यांच्या पुरुषासाठी व स्त्रीसाठी ३७-३७ नात्यांच्या दोन निरनिराळ्या याद्या जोडलेल्या आहेत. सर्वत्र ‘जोडीदार’ लिहिले तर दोन पुरुषांचा प्रश्न सुटेल, पण ज्या स्त्रीसाठी पोटगीचे कलम लिहिले गेले तिचे काय, हे विचारावेच लागेल. तथापि हा युक्तिवाद न्यायालयाने हात आखडता घ्यावा यासाठी जितका उपयोगी पडतो, तितकाच संसदेने ते विधेयक हाती घेऊन एकेक कलम तपासावे यासाठीही पडतो. त्या दुसऱ्या उपयोगाकडे कोणी वळले नाही.

याच सुमारास केंद्राने राज्यांची मते मागविली. सात उत्तरे आली. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी वेळ मागितला. स्पष्ट विरोध तीन राज्यांनी केला: भाजपचे सरकार असलेला आसाम, वायएसआर काँग्रेसचा आंध्र प्रदेश, आणि अशोक गेहलोत मुख्यमंत्री असलेले काँग्रेसचे राजस्थान. दिल्लीत एकमेकांविरुद्ध दंड थोपटणारे पक्ष या एका कागदावर शेजारी शेजारी बसले होते. भाजपची भूमिका पटो न पटो, ती निदान कोणापासून लपलेली नव्हती. काँग्रेसची भूमिका कोणती, हे मात्र तिच्या मतदारालाही सांगता आले नसते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालयाला बदलता येणार नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला राज्यसंस्थेने मान्यता द्यावी, असे चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांचे मत होते. उरलेल्या तिघांनी ते मानले नाही. विवाहाचा प्रश्न संसदेच्या दारात ठेवला गेला. काँग्रेसच्या वतीने जयराम रमेश यांनी सांगितले की, निकालपत्रांचा अभ्यास सुरू असून सविस्तर प्रतिक्रिया नंतर देऊ. २०२४ च्या जाहीरनाम्यात या पक्षाने व्यापक विचारविनिमयानंतर समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणण्याचे वचन दिले. ‘विवाह’ हा शब्द त्या वचनात नव्हता. काही महिन्यांपूर्वी दोन न्यायाधीशांनी अल्पमतात जे म्हटले होते, तेवढ्यावर पक्ष थांबला होता.

जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली. राज्यघटनेच्या १०७ व्या अनुच्छेदानुसार लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके तिच्याबरोबरच व्यपगत होतात, त्यामुळे १ एप्रिलचे ते विधेयकही चर्चेविना, मतदानाविना संपले. निकालाविरुद्धच्या पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या.

न्यायालयात दिलेल्या आश्वासनाप्रमाणे केंद्राने समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती मात्र नेमली. ऑगस्ट २०२४ मध्ये शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्यांना एकाच कुटुंबातील समजावे, असे राज्यांना कळविण्यात आले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला बँकांच्या संयुक्त खात्यांबाबत खुलासा निघाला. अशा व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून लावण्यास कोणतेही बंधन नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. बंधन त्यापूर्वीही नव्हते.