स्पाईक गार्डने टीव्ही खरंच वाचतो का? जळालेला बोर्ड उघडून बघू

नमस्कार मंडळी. हे बघा (बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरतो), इथे दुसऱ्या सॉकेटखाली काळा डाग दिसतोय ना, हा आमचाच स्पाईक गार्ड, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेंशन बोर्ड, घेताना दुकानदार म्हणाला होता की हा लावला की टीव्हीची काळजी मिटली, बिनधास्त झोपा. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने बाभळीची फांदी तारांवर पडली आणि पोलवरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटला. पहिल्यांदा काय झालं माहितीये, देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब एकदम पांढराफटक पेटला, आई म्हणते अरे हा एवढा का लागतोय, आणि तेवढ्यात शेजारचे काका ओरडतायत की आमच्याकडे लाईट डिम झाली. मी मेन स्विच पाडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील, तेवढ्यात सेटटॉप बॉक्स गेला, मोबाईलचा चार्जर गेला, टीव्ही बंद पडला आणि या बोर्डातून फट्ट आवाज आला.

मग स्पाईक गार्डने केलं काय? उघडूया. चार स्क्रू आहेत, आणि आत बघा, काय मोठं मशीन वगैरे नाहीये. पितळी पट्ट्या, एक स्विच आणि ही निळी चकती, म्हणजे आता अर्धीच उरलीय, जुन्या चार आण्यापेक्षा लहान. हिला एमओव्ही म्हणतात, मेटल ऑक्साईड व्हॅरिस्टर, आत झिंक ऑक्साईड असतं. हिच्यावर छापलेलं होतं १४डी४७१के, त्यातलं १४ म्हणजे चकतीचा व्यास, १४ मिलिमीटर, आणि ४७१ म्हणजे ४७० व्होल्ट (डीसीवर मोजलेले), शेवटचा १ हा शून्य किती लावायचे ते सांगतो. घरच्या एसी सप्लायवर ही जात साधारण ३०० व्होल्टपर्यंत गप्प बसते, जणू तिथे नाहीच. त्याच्या बरंच वर व्होल्टेज उसळलं की ही वाट मोकळी करते आणि जास्तीचा करंट आपल्यातून पलीकडे काढून देते. धरणाचा सांडवा असतो ना, तसं. पाणी पातळीच्या वर गेलं की तिकडून जातं.

पण सांडव्यावरून किती वेळ पाणी जाणार, खरा प्रश्न तो आहे. सर्ज म्हणतात तो झटका मायक्रोसेकंदांचा असतो. लॅबमध्ये या चकत्या ज्या झटक्याने तपासतात तो ८ मायक्रोसेकंदांत चढतो आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत निम्म्यावर येतो, आणि एका सेकंदात १० लाख मायक्रोसेकंद असतात. एवढ्याशा वेळासाठी ही चकती शेकडो अँपिअर गिळते, कमाल आहे तिची, खोटं बोलणार नाही. जवळपास कुठे वीज पडली, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काही स्विचिंग झालं, तर हा बोर्ड खरंच कामाचा आहे. तेव्हाही टीव्हीपर्यंत सात-आठशे व्होल्ट तरी पोचतातच, पण क्षणभरच, आणि तेवढं टीव्हीचा स्वतःचा पॉवर सप्लाय सहसा सोसतो.

आता आमच्याकडे झालं ते वेगळंच. न्यूट्रल तुटला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं (फेज म्हणजे करंटवाली तार) शेजारचं घर दोन फेजच्या मध्ये एकापाठोपाठ एक जोडल्यासारखं होतं, आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडे पडतं. म्हणून आमचा बल्ब पांढरा आणि काकांचा डिम. हे मायक्रोसेकंद नाही, मिनिटंच्या मिनिटं चालतं, आणि एवढा वेळ ती बिचारी चकती करंट गिळत बसली तर तापून फुटणारच, काही बोर्डांना तर यातूनच आग लागते. माझं म्हणणं असं की आपल्या गावाकडे टीव्ही-फ्रिज जळतात त्यात हे न्यूट्रलचं प्रकरण फार असतं, आणि लोक त्याच्यासाठी चुकीचं हत्यार विकत घेतात.

गंमत म्हणजे फ्रिज वाचला. का, तर त्याला जुना स्टॅबिलायझर होता, त्यात हाय कट आहे, व्होल्टेज चढल्यावर त्याने टक करून सप्लायच तोडला. सर्जसाठी तो स्टॅबिलायझर फार सुस्त, त्याचा रिले (आतला आपोआप हलणारा स्विच) हलेपर्यंत झटका येऊन गेलेला असतो, पण या भानगडीत तोच कामाला आला. आणि टीव्हीवाल्या दादाने टीव्ही उघडला तर आत अशीच एक निळी चकती आणि फ्यूज, चकती शॉर्ट झाली, फ्यूज उडाला, पुढचा बोर्ड शाबूत. म्हणजे टीव्हीत कंपनीने आधीच हे बसवलेलं असतं, दुकानदार हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग. चकती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असेल तर ती अर्थिंगशिवायही थोडंफार काम करते, पण वीज पडल्यावर झटका दोन्ही तारांतून एकत्र घुसतो, त्याला पळायला अर्थच लागते. आणि आपल्याकडे तीन पिनचं सॉकेट असतं पण वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. मल्टिमीटर घ्या किंवा वायरमनला बोलवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं आलं तर निदान तार जोडलेली आहे. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडून बघायला लावा, कुणीतरी शहाण्याने आतल्या आत अर्थ न्यूट्रललाच जोडलेली असू शकते, आणि मग न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दाराला हात लावायची सोय राहत नाही. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही विचारा, कोळसा-मीठ घालून वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही, मग ती अर्थ कसली.

मी काय केलं सांगतो. आधी अर्थिंग नवीन केलं. मग मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कट बसवला, २७० च्या वर गेलं की तोडतो आणि लाईट नीट आल्यावर थोडं थांबून जोडतो, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला ते थांबणं बरं. त्याच बोर्डात टाईप टू एसपीडी, म्हणजे मेन बोर्डात बसणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, ही त्या चकतीची थोरली बहीण, अर्ध्या मीटरच्या आत तारा जोडायच्या असतात कारण तार लांब झाली की झटक्याच्या वेळी त्या तारेवरच शेकडो व्होल्ट उभे राहतात, आमच्या वायरमनने पहिल्यांदा छान गुंडाळी करून मीटरभर तार ठेवली होती, मी कापायला लावली. हे सगळं झाल्यावर मग टीव्हीजवळ नवीन स्पाईक गार्ड. प्लगवाला प्रकार टाईप थ्रीमध्ये मोडतो, तो शेवटचा पहारेकरी, एकट्याने गड लढवणारा नाही.

आणि थेट वीज पडली तर यातलं काहीही पुरेल असं समजू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आहे, आसपास २०-४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर सांगतं, तेव्हा सरळ प्लग काढा, आणि डिशची केबल पण काढा, कारण प्लग काढून डिशची वायर तशीच ठेवणारे मी खूप बघितलेत, झटका गच्चीवरून येतो.

आता शेवटचं दाखवतो, तुम्ही करू नका. (जळालेला बोर्ड प्लगला लावतो) बघा, लाल दिवा लागला. चकती फुटलीय, आत संरक्षण शून्य, आणि दिवा हसतोय. हा दिवा फक्त सप्लाय आहे एवढंच सांगतो. काही चांगल्या बोर्डांना चकती जिवंत आहे का ते सांगणारा वेगळा दिवा असतो, घेताना तो बघा, चकती प्रत्येक झटक्यागणिक झिजते. आई म्हणत होती लागतोय की दिवा, टाकतोस कशाला, गणपतीत माळांना होईल. म्हणून तिच्यासमोरच... (पक्कड घेतो, वायर कापतो) झालं.