दहा ग्रॅमची चाचणी, आणि तिची परीक्षा

[दृश्य: तळव्यावर टेकून वाकलेला नायलॉनचा तंतू, अगदी जवळून]

मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी वापरतात ते हे मोनोफिलामेंट. नायलॉनचा तंतू, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कातडीवर काटकोनात टेकवायचा, कमानीसारखा वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दीड सेकंद धरायचा आणि उचलायचा. रुग्णाने डोळे मिटून फक्त सांगायचं, जाणवलं की नाही. अंगठा आणि चवडा या ठरलेल्या जागा; घट्टे टाळायचे.

तंतू एकदा वाकू लागला, की हात किंचित जास्त दाबला गेला तरी कातडीवरचा भार 10 ग्रॅमच्या आसपासच राहतो. सगळी भिस्त या वाकण्यावर. आणि बिघाड होतो तोही तिथेच.

वाकवायला लागणारा भार जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. जाडी 5 टक्क्यांनी वाढली, तर भार 20 टक्क्यांहून जास्त वाढतो. शिवाय नायलॉन हवेतली आर्द्रता शोषून मऊ पडतं. एकामागून एक रुग्ण तपासत गेलं तरी तेच. मग तंतूला विश्रांती द्यावी लागते. मऊ तंतूमुळे धडधाकट पायावर संशय येतो. ताठ तंतू बधिर पायालाही जाणवतो, आणि ही चूक जास्त महागात पडते.

[दृश्य: वर्कशॉपमधलं टेबल, मोटर, स्क्रू, लोड सेल]

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा हा प्रकल्प तंतूचीच तपासणी करतो. खाली 100 ग्रॅम क्षमतेचा लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर; त्याचा क्षीण सिग्नल वाढवून आकड्यांत बदलणारं एचएक्स711 मॉड्यूल, आणि ते आकडे वाचणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, आर्डुइनो. वर पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर आणि 8 मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढं अंतर सरकवणारा स्क्रू. एका फेऱ्यात 200 पावलं, म्हणजे पावलागणिक 0.04 मिलिमीटर. इतक्या पावलानेही सेल थरथरतो, त्यामुळे मोटर मायक्रोस्टेपिंगवरच, म्हणजे प्रत्येक पावलाचे आणखी बारीक तुकडे पाडून चालवायची.

आधी सेल थोडा वेळ चालू ठेवून स्थिरावू द्यायचा. मग 5, 10 आणि 20 ग्रॅमची वजनं ठेवून कॅलिब्रेशन, म्हणजे वाचन खऱ्या वजनाशी जुळवून घ्यायचं. प्रत्येक दाबाआधी शून्य नव्याने घ्यायचं, कारण तापमानासोबत ते सरकतं. मॉड्यूल सहसा सेकंदाला 10च वाचनं देतं; तेवढ्यात भाराचं शिखर निसटू शकतं. मॉड्यूलची वेग ठरवणारी रेट पिन हाय केली की 80 मिळतात.

[दृश्य: पडद्यावर भाराचा आलेख]

आलेख चढतो आणि वाकण्याच्या क्षणी आडवा होतो. तो मधेच धाडकन कोसळला, तर दोष बहुधा तंतूचा नसतो: सेलच्या गुळगुळीत अॅल्युमिनियम पट्टीवर तंतूचं टोक घसरलेलं असतं. पट्टीवर बारीक सँडपेपर चिकटवला की भागतं. तंतू तिरका बसला तरी वाचन कमी येतं, म्हणून पकड गुण्याने तपासलेली बरी.

विद्यार्थ्यांनी स्वीकारलेली मर्यादा 9 ते 11 ग्रॅम. तंतू एकदाच दाबून निकाल द्यायचा नाही. लागोपाठ दाबत राहून भार कुठवर उतरतो ते पाहायचं, रात्रभर ठेवून पुन्हा मोजायचं. आणि प्रत्येक वाचनापुढे खोलीचं तापमान नि आर्द्रता लिहायची, नाहीतर काल आणि आजचे आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत.