टायर झिजून गेला की कापून गेला?

नमस्कार मंडळी. मगाशी चहा घेताना एकजण म्हणाले, दादा, डंपरला महागातला टायर घेतला तरी सहा महिन्यांत गेला, मग स्वस्त काय वाईट होता? मी विचारलं, गेला कसा, झिजून गोटा झाला का कापून गेला? तर म्हणे कापून. इथेच सगळा घोळ आहे बघा. पुण्याजवळ वाघोली मोशीकडच्या खाणीत खाली काळा दगड, बेसाल्ट, सुरुंगाने नुकताच फोडलेला, त्याची धार काचेसारखी, तिथे टायर झिजायच्या आधीच चिरतो. आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा पटकन कापतं, म्हणून पहिला पाऊस पडला की टायरं जास्त जातात.

आता कंपाउंड. कंपाउंड म्हणजे वरच्या रबराचं मिश्रण, आणि खरा क्वालिटीचा फरक तिथेच असतो, नक्षी तर कुणीही कॉपी करतं. खाणीसाठीचं कंपाउंड चिवट, कापायला अवघड, पण ते तापतं जास्त, आणि खोल नक्षी म्हणजे जाड रबर, आतली उष्णता बाहेर निघत नाही. माझ्या ओळखीच्या एका मालकाने पक्के खाणीचे टायर घातले आणि तीच हायवा, म्हणजे डंपर, खडी भरून रोज साठ किलोमीटर हायवेवर पळवली, उन्हाळ्यात वरचा पट्टाच सुटून आला. टायर चांगलाच होता हो, काम चुकीचं दिलं त्याला. म्हणून मोठ्या डंपरच्या टायरला टीकेपीएच, म्हणजे टन-किलोमीटर प्रति तास, हा आकडा असतो, टायरवरचं सरासरी वजन गुणिले सरासरी स्पीड, त्याच्या वर गेलात की टायर आतून शिजतो. तुमची गाडी दिवसभर खाणीतच फिरते का निम्मी डांबरावर, हे दुकानदाराला आधी सांगा, ब्रँडचं नंतर बोला.

हिशोब किमतीवर करूच नका, झिजलेल्या नक्षीच्या मिलिमीटरवर करा. समजा एक टायर २० हजारांचा, ३०० तासांत ५ मिमी गेला, म्हणजे मिमीला ६० तास. दुसरा २६ हजारांचा, तेवढ्याच तासांत ३ मिमी, म्हणजे मिमीला १००. दोघांची वापरायची नक्षी १८ मिमी धरली तर पहिला १०८० तास, दुसरा १८००. तासाला साडेअठरा रुपये आणि साडेचौदा रुपये. पण दुसरा तेवढे तास टिकला तरच, मधेच साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरली तर महागडाच पडला, म्हणून कापून गेलेले टायर वहीत वेगळे लिहायचे.

आणि एक, लोडरवाल्याशी भांडू नका, त्याला चहा पाजा. भरताना सांडलेले दगड त्याने बकेटने बाजूला ओढले, आणि ड्रायव्हरने खाली उतरून जोडचाकांत अडकलेला दगड काढला, हवा सकाळी टायर थंड असतानाच चेक केली, तर मी सांगतो, टायरला चांगला फरक पडतो. डेप्थ गेज, म्हणजे नक्षीची खोली मोजायचं साधन, फार महाग नसतं. आज घरी जाताना घ्या, उद्या दहाही चाकं मोजा आणि आकडा खडूने साइडवॉलवर लिहा.