कपच्यांच्या आत काय आहे?

[दृश्य : चंडीगडचं रॉक गार्डन. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढलेल्या बायकांची रांग.]

चंडीगड हे नवं शहर वसवताना गावं पाडली गेली. त्यांचा राडारोडा बांधकाम खात्यातले रस्ते-निरीक्षक नेकचंद सैनी सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत होते आणि त्यातून ही मूर्तींची बाग घडवत होते. १९५७ पासून, तेही चोरून, कारण तिथे बांधकामाला बंदी होती. पुढे सरकारला पत्ता लागला, पण बाग पाडली नाही. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंदना ५० मजूर मिळाले.

[दृश्य : एका प्राण्याचे पाय, जवळून.]

लोक बांगड्या बघतात. मूर्ती उभी राहते ती आतल्या सांगाड्यावर. इथे सायकलच्या फ्रेमचं धड झालं, फोर्कचे पाय झाले, सीटचं डोकं झालं.

[दृश्य : कारागिराचे हात. सळ्या, जाळी, घमेलं.]

आपल्या चौकात असं काही करायचं, तर सळ्यांना कोंबडीजाळी बाइंडिंग तारेने घट्ट बांधा; सैल जाळीवर माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, धरत नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, पाणी बेताचं. पहिला हात, म्हणजे पहिला थर, मारून त्यावर ओरखडे ओढा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. कपच्या याच ओल्या थरात, अर्ध्या तासाच्या आत बसवायच्या. म्हणून एका वेळी हातभरच जागा घ्या. कपबशीचे तुकडे आधी भिजवा, नाहीतर ते मालातलं पाणी ओढतात आणि पुढे गळू लागतात. काच गुळगुळीत, तिला पकड कमी. अर्ध्याहून जास्त आत दाबा आणि धार आतल्या बाजूला ठेवा, मुलं हात लावणारच. मग गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारा.

[दृश्य : तडा गेलेली मूर्ती.]

सळीवर माल इंचभर तरी हवा. तो कमी पडला की पावसाचं पाणी आत पोचतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचा थर फोडतं. अशा तड्यावर सिमेंट चोपडणं म्हणजे गंज झाकणं. तो भाग सळीपर्यंत फोडा, तारेच्या ब्रशने घासा, मग नवा माल भरा.

[दृश्य : उन्हात पांढुरक्या पडलेल्या बाटल्या.]

प्लास्टिकच्या बाटल्या बांधून कायमची मूर्ती मात्र करू नये. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्याचे कण तिथल्याच मातीत पडतात. किनाऱ्यावर बाटल्या टाकायला ठेवलेला जाळीचा मासा चालतो, कारण तो कचरापेटीच आहे. भरला की रिकामा करायचा. तो कोण रिकामा करणार, हे मासा उभा करण्याआधी ठरवा.