तपकिरी शेवाळ आणि वांगाचे डाग

कराडच्या प्रयोगशाळेत वाळत घातलेलं हे शेवाळ कुंभार्ली घाट चढून आलं आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारं सरगॅसम. मीठ आणि वाळू जावी म्हणून ते गोड्या पाण्यानं तीन-चारदा धुतलं, आणि आता पंख्याखाली, सावलीत वाळतंय. उन्हात टाकलं तर त्यातली फ्लोरोटॅनिन्स, म्हणजे तपकिरी शेवाळातली टॅनिनसारखी संयुगं, काळवंडून वाया जातात, आणि आपल्याला तर तीच हवी आहेत.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) लागतं. त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. कोरियाच्या समुद्रातल्या एक्लोनिया काव्हा या तपकिरी शेवाळातलं डायकॉल हे फ्लोरोटॅनिन या विकराला अडवतं. भर उन्हात भांगलण करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गालांवर वांगाचे डाग असतात. हे सगळं काम त्या डागांसाठी. सावळ्या रंगाला औषध लागत नाही.

दहा ग्रॅम भुकटी, शंभर मिलिलिटर सत्तर टक्के इथेनॉल, गडद बाटली, चोवीस तास हलवत ठेवायचं. मग गाळून 40 अंशांच्या आत इथेनॉल उडवायचं.

खरी कसोटी पुढे आहे. 6.8 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अळंबीपासून काढलेलं टायरोसिनेज आणि अर्क दहा मिनिटं एकत्र ठेवतात, मग एल-डोपा घालतात. विकर या डोपाचं आधी डोपाक्विनोन करतं, त्यातून रंग तयार होतो. नारिंगी रंग चढू लागतो. तो 475 नॅनोमीटरवर मोजायचा. रंग कमी, म्हणजे विकर अडलं. पण इथेच फसगत होते. अर्क मुळात तपकिरी. विकर न घातलेल्या नळीतला त्याचा रंग वजा केला नाही, तर चांगला अर्कही निकामी दिसतो. उलट, इथेनॉल जास्त राहिलं तर विकर त्यानंच मंदावतं आणि श्रेय अर्काला जातं. म्हणून नुसत्या इथेनॉलची नळी हवीच, आणि तुलनेला कोजिक आम्ल, जे हे विकर अडवतं हे आधीच माहीत आहे. शिवाय अर्क डोपाक्विनोनला पुन्हा डोपा करू शकतो: विकर चालूच, रंग मात्र दिसत नाही. हे ओळखायला प्राणवायू किती खर्च झाला ते मोजावं लागतं.

अळंबीचं विकर माणसाच्या विकरासारखं हुबेहूब नसतं. पुढची चाचणी रंगपेशींवर, आणि तिथे पेशी जिवंत आहेत ना हे आधी पाहायचं. मेलेली पेशीही मेलॅनिन बनवत नाही.

मलमात घातल्यावर आणखी दोन अडचणी. हवा लागली की मलम तपकिरी पडतं, आणि मोठे रेणू त्वचेच्या वरच्या थरापलीकडे सहजी जात नाहीत. सरगॅसममध्ये आर्सेनिकही साठतं. ते तपासल्याशिवाय हा अर्क कुणाच्या गालाला लावायचा नाही.