शपथेचे हात

फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं ‘टेनिस कोर्टची शपथ’ हे चित्र. सगळ्यात आधी हात पाहा. डावीकडून, उजवीकडून, मागच्या रांगांतून पुढे झेपावलेले. कुणाच्या हातात हॅट आहे, कुणाची बोटं ताणलेली आहेत. सगळ्यांचा रोख एकीकडेच: मधोमध टेबलावर उभ्या असलेल्या माणसाकडे.

हा जाँ-सिल्व्हँ बायी. मुळात खगोलशास्त्रज्ञ, भारतीय खगोलशास्त्रावरही त्याने ग्रंथ लिहिला होता. २० जून १७८९, फ्रेंच राज्यक्रांतीची सुरुवात. वर्सायमध्ये सामान्य जनतेचे प्रतिनिधी सभागृहापाशी आले, तर दार बंद. मग ते जवळच्या टेनिसच्या बंदिस्त कोर्टात शिरले आणि तिथे शपथ घेतली: देशाला राज्यघटना मिळेपर्यंत पांगायचं नाही.

जाक-लुई दाविद तिथे नव्हता. दोन वर्षांनी, १७९१ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्याने हे चित्र मांडलं. पेन, तपकिरी शाई, पातळ शाईचे वॉश, उजेडासाठी थोडा पांढरा रंग. रुंदी जेमतेम एक मीटर.

गर्दी काढायची म्हटलं की कागद भरून टाकावासा वाटतो. दाविदने वरचा अर्धा भाग मोकळा ठेवला. उघड्या भिंती, उंच खिडक्या, वाऱ्याने फुगलेले पडदे, उलटी झालेली छत्री. बाहेर वादळ आहे. वरच्या या मोकळीकीमुळे खालची दाटी अंगावर येते. या चित्रातला सर्वांत धाडसी निर्णय मला हाच वाटतो.

समोर तिघे धर्मगुरू गळ्यात गळा घालून उभे आहेत: मठातला साधू, कॅथलिक पाद्री आणि प्रोटेस्टंट पाद्री. त्यातला साधू, दोम जेर्ल, त्या दिवशी तिथे नव्हताच. दाविदला एकजूट दाखवायची होती, म्हणून त्याने त्याला आणून उभं केलं.

याचंच भव्य तैलचित्र व्हायचं होतं, लोकवर्गणीतून. वर्गणी पुरेशी जमली नाही, आणि चित्रातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. बायी, बार्नाव्ह, रोबेस्पियर, तिघांचाही शिरच्छेद झाला. वर्सायला तो अर्धवट कॅनव्हास आहे: उघडी शरीरं आणि मोजके रंगवलेले चेहरे. दाविद आधी शरीर काढायचा, कपडे नंतर. म्हणून तर शाईच्या या चित्रातल्या कोटांच्या आत हाडामांसाची माणसं जाणवतात.

आता उजवा कोपरा. खुर्चीत बसलेला, मान खाली, हातांची घडी छातीशी. हा मार्तँ-दोश. शपथ नाकारणारा एकटा. राजाची मान्यता नसलेल्या निर्णयाला बांधून घ्यायला तो तयार नव्हता. नोंदवहीत त्याने सही केली, पण पुढे लिहिलं: विरोधक.

दाविद क्रांतीचा कट्टर माणूस. पुढे राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिलं. तरी या माणसाला त्याने वगळलं नाही, गर्दीआड लपवलंही नाही. अगदी पुढच्या रांगेत बसवलं, आणि बाकीच्यांइतक्याच निगुतीने काढलं.